थोडी दुरुस्ती लागेल

शास्त्रपाठ : लेवीय २५:१४-१६, रूथ ४:१-६, लूक १०:२५-३७



आपल्या घराघरांतून जुन्या वस्तू विकल्या जातात. शिवणयंत्र, सायकल, कपाट, बाजाची पेटी, एखादे वाद्य. मुले नोकरीसाठी दूर जातात, घर लहान होते, ज्याची वस्तू होती तो प्रभूकडे जातो, आणि वस्तू मात्र कोपऱ्यात राहते. मग ती विकायचे ठरते. गिऱ्हाईक दारात आले की आपण एक ठरलेले वाक्य बोलतो, "थोडी दुरुस्ती लागेल." या तीन शब्दांवर आज आम्ही आपल्याबरोबर मनन करू इच्छितो.

कोणी म्हणेल, प्रवचनात जुन्या सामानाच्या विक्रीचे काय काम? परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहा. अब्राहामाने सारेच्या कबरेसाठी मकपेलाची गुहा विकत घेतली, तेव्हा त्याने चारशे शेकेल रुपे सर्वांच्या समक्ष तोलून दिले. यिर्मयाने अनाथोथ येथील शेत घेतले, त्याची सतरा शेकेल किंमत, खरेदीखत, साक्षीदार, मोहर हे सारे बत्तिसाव्या अध्यायात नोंदलेले आहे. हनन्या व सप्पीरा यांचे पाप तर शेताच्या विक्रीतूनच बाहेर आले. ज्या देवाने आपल्या ग्रंथात इतके व्यवहार लिहून ठेवविले, त्याचे आपल्या दारातील व्यवहाराकडेही लक्ष आहे, यात शंका नको.

उदाहरणादाखल आपण एक जुना बँजो घेऊ. दोन कारणांसाठी आम्ही हे वाद्य निवडले आहे. एक तर ते पुष्कळ भागांचे बनलेले असते आणि त्याचा खरा दोष पाहणाऱ्याला सहज दिसत नाही. दुसरे, या वाद्याच्या इतिहासातच एक बाजार आहे, आणि त्या बाजाराकडे ख्रिस्ती माणसाला पाठ फिरवता येत नाही.

कोणता बँजो?

आपल्याकडे बँजो म्हटले की बहुतेकांना बुलबुल तरंग आठवते. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि तारा दाबण्यासाठी टंकलेखन यंत्रासारखी बटणे. हे वाद्य जपानमधील ताइशोगोतोच्या कुळातले. ताइशोगोतो १९१२ साली नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केले. वरातीतील बँजो पार्टीत आणि कव्वालीच्या बैठकीत हेच वाजते. अमेरिकेतील बँजो निराळा. डफासारखे गोल लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, त्यातून निघालेली लांब दांडी, आणि तारांच्या खाली कातड्यावर उभी असलेली लहानशी लाकडी घोडी. त्यात चार तारांचा टेनर बँजो असतो. तो १९२० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या ताफ्यांतून वाजत असे. दुसरा पाच तारांचा. त्याची पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून मध्येच कडेला बसवलेली असते.

गोव्यातील कितीतरी वादकांनी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतून असे नृत्यसंगीत वाजविले. तेव्हा एखाद्या जुन्या घरातील ट्रंकेतून टेनर बँजो निघाला तर नवल नाही. अशा वेळी नुसते "बँजो विकणे आहे" असे म्हटले, आणि बुलबुल तरंग हवे असलेला माणूस चार तासांचा प्रवास करून आला, तर त्याचे भाडे व दिवस वाया गेला. विकणाऱ्याचा खरेपणा वस्तूच्या नावापासूनच सुरू होतो.

लहान दोष आणि मोठा दोष

आता "थोडी दुरुस्ती" म्हणजे काय ते पाहू. बँजोची तार तुटलेली असेल तर ती नवी घालता येते. घोडी पडलेली असेल तर घाबरण्याचे कारण नाही; ती चिकटवलेली नसतेच, केवळ तारांच्या दाबाने उभी राहते. दांडीच्या वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर बाराव्या पडद्यापासून पुढे घोडी ठेवली की सूर जागेवर येतात. कातडे फाटले असेल तरी नवे बसवता येते. वासराच्या कातड्याऐवजी आता बहुधा प्लॅस्टिकचे मिळते, आणि ते पावसाळ्यात सैल पडत नाही. कड्याभोवतीचे दोनचार आकडे व नट हरवले असतील, खुंटी घसरत असेल, तर हेही थोडक्यात भागते. याला थोडी दुरुस्ती म्हणावे.

परंतु दांडीला पीळ पडला असेल, दांडी कड्याला जुळते तेथे ती मोडून पुन्हा चिकटवलेली असेल, लाकडी कड्याचे थर सुटले असतील, किंवा आतले आवाजाचे धातूचे कडेच कोणी काढून नेले असेल, तर ती थोडी दुरुस्ती नव्हे. कित्येकदा अशा कामाला वाद्याच्या किमतीहून अधिक खर्च येतो. आणि येथेच मोहाची जागा आहे. नव्या तारा चढवल्या, वरून पॉलिश मारले, चिकटवलेल्या जागी रंग दिला, की तासभर बँजो ठीक वाजतो. तारांचा ताण महिनाभर राहिला की दांडी उचलू लागते. तोवर पैसे खर्च झालेले असतात आणि घेणारा दुसऱ्या गावी असतो.

लहान दोष मोठ्याने सांगायचा व मोठा दोष लहान शब्दांत गुंडाळायचा, ही या व्यापारातील जुनी हुशारी आहे. "थोडी" हा शब्द खोटा ठरतो तो असा. त्यात एकही अक्षर खोटे नसते, आणि तरी ऐकणारा फसतो.

आमोस संदेष्ट्याच्या काळी लोक हेच करीत होते. आठव्या अध्यायात तो अशा व्यापाऱ्यांविषयी सांगतो की, शब्बाथ कधी सरेल व धान्याची कोठारे कधी उघडू अशी त्यांना घाई झाली होती. मापे लहान, वजने मोठी, आणि गव्हाबरोबर गव्हाचा गाळही ते गरिबांना विकत होते. लक्षात घ्या, हे लोक देवाच्या दिवशी दुकान बंद ठेवणारे होते. उपासनेला जाणारे होते. त्यांचा धर्म शनिवारी होता व व्यापार रविवारी सुरू होई, आणि दोहोंची कधी गाठ पडत नव्हती. आपला धर्म रविवारी असतो एवढाच फरक करून आपण त्यांच्याच रांगेत उभे राहू नये.

कायदा काय म्हणतो?

कोणी विचारील, "मी खोटे बोललो नाही, फक्त विचारले नाही म्हणून सांगितले नाही. यात गुन्हा कोणता?" हा प्रश्न नवा नाही. आपल्या देशाचा १८७२ सालचा करार कायदा याच प्रश्नाचा विचार करतो. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक कशाला म्हणावे हे सांगितले आहे. माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणे ही फसवणूक आहे. म्हणजे मोडलेल्या जागेवर रंग चढवणे यात येते. परंतु नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक नव्हे, असेही तेथे म्हटले आहे. त्यासाठी एका घोड्याचे उदाहरण दिलेले आहे. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नाही.

पण त्याच ठिकाणी पुढे आणखी एक उदाहरण आहे, आणि त्यावर प्रत्येक ख्रिस्ती माणसाने थांबून विचार करावा असे आम्हांला वाटते. घोडा घेणारी त्या मनुष्याची स्वतःची मुलगी असेल आणि ती नुकतीच सज्ञान झालेली असेल तर? मग त्या नात्यामुळे बापाने दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिच्यापुढे त्याने गप्प राहून चालत नाही. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा चांगला आहे असे समजेन, तर तेथेही मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते.

घोडा तोच, दोष तोच. फरक पडतो तो समोर उभे असलेले माणूस आपले कोण लागते यावर. परक्यापुढे गप्प राहता येते, मुलीपुढे येत नाही. कायद्याने माणसाचे मन बरोबर ओळखले आहे. कोणता बाप मुलीला लंगडा घोडा देऊन गप्प राहील?

आता लूकचा दहावा अध्याय आठवा. एका शास्त्र्याने प्रभू येशूला हाच प्रश्न विचारला होता, माझा शेजारी कोण? त्यालाही कर्तव्याची हद्द कोठे संपते हे जाणून घ्यायचे होते. प्रभूने त्याला हद्द आखून दिली नाही. यरीहोच्या वाटेवर पडलेला माणूस आणि त्याच्यापाशी थांबलेला परका शोमरोनी त्याने दाखवला, आणि जा, तूही तसेच कर, अशा अर्थाची आज्ञा दिली. म्हणजे बँजो घ्यायला आलेला अनोळखी तरुण कायद्याने परका असेल. ख्रिस्ताच्या दृष्टीने तो शेजारी आहे. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची, तर त्याला आपल्या मुलीच्या जागी उभे करूनच बोलले पाहिजे. कायद्याने मुलीसाठी जे मागितले ते शुभवर्तमान प्रत्येकासाठी मागते.

बवाजाने काय केले?

याचे सुंदर उदाहरण रूथच्या पुस्तकात आहे. बवाज वेशीवर बसला, त्याने दहा वडील माणसे बोलावली आणि जवळच्या नातलगाला सांगितले की, नामी अलीमलेखाचे शेत विकत आहे. तू घेतोस काय? नातलग म्हणाला, घेतो. येथे सौदा पुरा झाला असता. परंतु बवाजाने लगेच पुढची गोष्ट सांगितली. या शेताबरोबर मवाबी रूथची जबाबदारी येते आणि मृताचे नाव त्याच्या वतनावर राखावे लागते. ते ऐकून नातलग मागे सरला. आपल्या वतनाला धक्का बसेल असे त्याला वाटले.

बवाजाने ही अट खरेदीखत झाल्यावर सांगितली नाही, साक्षीदारांच्या पाठीमागे कुजबुजली नाही, आणि "थोडी जबाबदारी आहे" असेही म्हटले नाही. नाही म्हणण्याची वेळ होती तेव्हाच सांगितले. विक्रीतील खरेपणाची कसोटी हीच आहे. दोष सांगितला की नाही, एवढेच पाहून भागत नाही. समोरच्याला "नको" म्हणता येईल अशा वेळी सांगितला काय, हे पाहावे. पैसे खिशात घातल्यावर सांगितलेले सत्य घेणाऱ्याच्या काही कामाचे नसते.

बदललेली दांडी

जुन्या वाद्यांच्या बाबतीत आणखी एक दोष असतो, तो मोडतोडीचा नसून ओळखीचा असतो. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या मास्टरटोन बँजोचे उदाहरण घ्या. हे नाव कंपनीने १९२५ साली वापरात आणले. त्या काळी चार तारांचे बँजो पुष्कळ बनले, पाच तारांचे थोडे. पुढे १९४५ साली अर्ल स्क्रग्ज बिल मन्रो यांच्या ताफ्यात आले, त्यांच्या तीन बोटांच्या वादनाने पाच तारांच्या बँजोला नवा मान मिळाला आणि जुने पाच तारांचे मास्टरटोन दुर्मिळ व महाग झाले. मग लोकांनी चार तारांच्या जुन्या बँजोंना पाच तारांच्या नव्या दांड्या बसवल्या. यात वाईट काही नाही. तसे वाद्य उत्तम वाजते. परंतु मूळ दांडीचा बँजो आणि दांडी बदललेला बँजो यांच्या किमतीत फार मोठे अंतर असते. म्हणून प्रामाणिक विक्रेता "दांडी नंतरची आहे" हे आरंभीच सांगतो, आणि जुनी दांडी जपून ठेवली असेल तर तीही वाद्याबरोबर देतो. जो सांगत नाही तो चांगलेच वाद्य विकतो, पण खोटी ओळख विकतो.

ओळखीच्या बाबतीत या वाद्यावर आधीच मोठा अन्याय झालेला आहे. आखूड तार जोडण्याचे श्रेय पुष्कळ वर्षे व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाला दिले जात असे. त्याचा जन्म १८१० चा. पण "द ओल्ड प्लँटेशन" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या चित्रात एक काळा माणूस भोपळ्याचा बँजो वाजवीत आहे, आणि त्या बँजोला ती आखूड तार स्पष्ट दिसते. स्वीनी जन्मण्यापूर्वीच ती तार वाजत होती. त्याही आधी, १६८७ ते १६८९ या काळात जमैकात राहिलेल्या हान्स स्लोन या वैद्याने तेथील आफ्रिकन लोकांजवळ अशी तंतुवाद्ये पाहिली आणि १७०७ साली छापलेल्या ग्रंथात त्यांचे चित्र दिले. पश्चिम आफ्रिकेतील जोला लोकांचे भोपळ्याचे आकोंटिंग आजही या कुळाची साक्ष देते.

बाजारात उभा केलेला माणूस

ते आफ्रिकन लोक जमैकात आणि व्हर्जिनियात कसे आले, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांना विकत आणले होते. हे लिहिताना आमची लेखणी जड होते, पण हे सांगितल्याशिवाय बँजोची गोष्ट पुरी होत नाही. ज्या हातांनी अमेरिकेतील पहिले बँजो बनवले ते हातच बाजारात विकले जात होते. आणि त्या बाजारातही दोष लपवण्याची विद्या चालत असे. व्यापारी विक्रीपूर्वी माणसांच्या अंगाला तेल लावीत, पिकलेले केस उपटीत किंवा काळे करीत, फटक्यांचे वण झाकीत. खरेदीपत्रात "शरीराने व मनाने निर्दोष" अशी हमी लिहीत. लुइझियानाच्या कायद्यात तर दोष निघाल्यास माणूस परत करण्याचा दावा घेणाऱ्याला लावता येत असे, जसा आज कोणी बिघडलेले यंत्र परत करतो.

बंधुभगिनींनो, त्या बाजारातील काही व्यापारी "खरे" बोलत असतील. गुडघा दुखतो, असे सांगून कमी किमतीला माणूस विकत असतील. तरी तो व्यवहार देवापुढे खरा ठरत नाही, कारण मूळ गोष्टच खोटी होती. देवाच्या प्रतिरूपाला त्यांनी माल म्हटले. आणि हे करणाऱ्यांत बायबल वाचणारे, मंडळीत पुढच्या बाकावर बसणारे लोक होते. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण बाजार माणसाला कोठवर नेऊ शकतो हे बँजो पाहताना आपण विसरू नये. ज्याला समोर माणूस दिसत नाही, फक्त किंमत दिसते, त्याच्या वाटेचा आरंभ लहानच असतो.

याच वाद्याचे आणखी एक चित्र आहे. हेन्री ओसावा टॅनर हा चित्रकार आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या एका बिशपांचा मुलगा. त्याची आई गुलामगिरीत जन्मलेली. त्याने १८९३ साली "द बँजो लेसन" हे चित्र काढले. गरिबाच्या खोलीत एक म्हातारा बसला आहे, त्याच्या गुडघ्यांपाशी एक मुलगा मोठा बँजो सांभाळीत तारा छेडतो आहे, आणि म्हातारा नुसता आधार देऊन लक्ष देतो आहे. हाच टॅनर पुढे लाजाराचे पुनरुत्थान आणि मरीयेला आलेला निरोप यांची चित्रे काढून प्रसिद्ध झाला. ज्यांना विकले गेले त्यांच्या घरी वाद्य कसे हातातून हातात जाते, ते त्याने दाखवले. आपल्या घरातील जुने वाद्यही कोणाच्या तरी गुडघ्यांपाशी असेच शिकले गेलेले असते. ते विकताना ही आठवण मनात असली तर जिभेवर खोटे सहसा येणार नाही.

दोष जाणून घेणारा

आता ज्याच्याकडे आपण नेहमी वळतो त्या तारणाऱ्याकडे वळू. नवा करार आपल्याविषयी वारंवार सांगतो की आपण मोल देऊन घेतलेले आहोत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हे सांगतो, आणि पेत्र सांगतो की ते मोल सोन्यारुप्याचे नव्हते. घेणाऱ्याला वस्तूची खरी अवस्था ठाऊक होती काय? होती. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपल्यावर कोणी पॉलिश मारून त्याच्यापुढे ठेवले नव्हते. पीळ पडलेली दांडी, फाटलेले कातडे, हरवलेले आकडे, सारे पाहून त्याने पूर्ण मोल दिले.

यिर्मयाच्या शेताचा अर्थ येथे उलगडतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता, शेत शत्रूच्या हाती जाण्याच्या बेतात होते, स्वतः यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तरी त्याने सतरा शेकेल तोलून दिले, कारण ही भूमी पुन्हा वसेल असे परमेश्वराचे वचन त्याच्याजवळ होते. दोष माहीत असून घेणे आणि सुधारण्याची आशा धरणे, ही देवाची रीत आहे. मग ज्यांना दोषांसकट घेतले गेले त्यांनी स्वतःच्या वस्तूचे दोष का लपवावे? आपली लाज आधीच झाकली गेली आहे. थोडे पैसे कमी मिळतील, एवढेच.

व्यवहारात काय करावे?

पहिली गोष्ट, विकण्यापूर्वी वस्तू नीट पाहा. बँजो असेल तर दांडीवरून एक डोळा मिटून सरळ रेषेत पाहा, मागची तबकडी असेल तर उघडून कड्याचे लाकूड पाहा, जाणत्या कारागिराला दाखवा. आपल्या मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या सतार व तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. लाकडाला पडलेला पीळ त्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. पाहायचे टाळून "आम्हांला माहीत नव्हते" असे म्हणणे हेही एक प्रकारचे झाकणेच आहे. जुन्या वाद्यावर हस्तिदंत असेल तर तेही पाहा. त्याची खरेदीविक्री आपल्या देशात बंद आहे.

दुसरी गोष्ट, दोष शब्दांनी नव्हे, भागांनी सांगा. "थोडी दुरुस्ती" याऐवजी "दांडीला पीळ आहे, तीन आकडे नाहीत, कातडे नंतरचे आहे" असे लिहून द्या. काढलेले जुने भाग एका पिशवीत घालून वाद्याबरोबरच द्या.

तिसरी गोष्ट, किंमत उरलेल्या उपयोगाप्रमाणे धरा. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीची किंमत योबेल वर्षापर्यंत किती पिके उरली आहेत त्यावर ठरवण्याची आज्ञा आहे. वर्षे अधिक तर किंमत अधिक, वर्षे थोडी तर किंमत थोडी. हाच न्याय सर्व जुन्या वस्तूंना लावता येतो.

चौथी गोष्ट घेणाऱ्यांसाठी. नीतिसूत्राच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. ते घेताना वस्तूला वाईट म्हणते आणि घरी गेल्यावर फुशारकी मारते. नवऱ्याच्या मागे त्याचे वाद्य विकायला काढलेल्या विधवेला त्याची किंमत ठाऊक नसते. तुम्हांला ठाऊक असेल तर तिच्या अज्ञानावर नफा काढू नका. लेवीयातील आज्ञा विकणाऱ्याला व घेणाऱ्याला, दोघांनाही सारखीच लागू आहे.

पाचवी गोष्ट, मागे विकलेल्या वस्तूचा एखादा न सांगितलेला दोष आठवत असेल तर पत्र लिहा किंवा जाऊन भेटा. जक्कयाने प्रभूला घरी घेतले त्याच दिवशी हिशोब उघडला होता आणि चौपट परत देण्याचे बोलला होता. मंडळीने दुसऱ्या मंडळीला बाजाची पेटी विकली असेल, तर तेथेही हाच नियम लागू करावा.

ध्यानात ठेवा, सांगितलेला दोष वस्तूबरोबर जातो. लपवलेला दोष विकणाऱ्याच्या घरीच राहतो. वस्तू दाराबाहेर गेली, पैसे संपले, तरी तो राहतो. आपण इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, गोवे अशा ठिकाणी थोडक्या संख्येने राहतो. आपल्या शेजारच्या पुष्कळांनी बायबल कधी वाचलेले नसते. ख्रिस्ती माणसाने विकलेला जुना बँजो त्याने सांगितला होता तसाच निघाला, एवढे जरी त्यांच्या अनुभवाला आले, तरी शुभवर्तमानाचे एक पान त्यांनी वाचले असे होईल.

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला आमच्या सर्व दोषांसकट मोल देऊन घेतलेस. आमच्या तोंडचे "थोडे" हे खरोखर थोडेच असो. परक्याच्या ठिकाणी आम्हांला शेजारी दिसो, आणि आमच्या दारातून गेलेली प्रत्येक वस्तू तुझ्या नावाची चांगली साक्ष देवो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.